लॉबीतला रेडा

कंपनी विस्तार करणार ही बातमी आम्हाला कॅन्टीनमध्ये बोलावून देण्यात आली, आणि बातमीबरोबर प्रत्येकाच्या हातात एकेक कपकेक ठेवण्यात आला. कपकेकवर साखरेत काढलेलं कंपनीचं चिन्ह होतं. माझ्या शेजारच्या फिटरनं आधी ते चिन्ह खाल्लं आणि मग बातमी ऐकली. मी आधी बातमी ऐकली, त्यामुळे माझा कपकेक तसाच राहिला आणि दुपारी मुंग्यांनी नेला.

आमची कंपनी सूत कातण्याची यंत्रं बनवते. कारखाना हडपसरला. मी तिथं उत्पादन नियोजनात, म्हणजे कोणतं काम कोणत्या मशीनवर कधी चढवायचं आणि कधी उतरवायचं हे ठरवणारी बाई. रोज वारज्याहून निघायचं, सगळं पुणं ओलांडायचं, वाटेत निम्म्या पुण्याला मनातल्या मनात शिव्या घालायच्या आणि गेटवर पोचेपर्यंत डोकं शांत करायचं, हा माझा वीस-बावीस वर्षांचा नेम. कारखान्याच्या तिन्ही बाजूंना आता टॉवर उभे राहिलेत. तिथले रहिवासी आमच्या आवाजाची तक्रार करतात. कारखाना त्यांच्या जन्माआधीपासून तिथंच आहे, पण फ्लॅट बघायला ते आले आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, तेव्हा त्यांना ती गोदामं वाटली असावीत.

बातमी सांगायला धाकटे मालक स्वतः आले होते. अमेरिकेत शिकून आलेला माणूस, बाह्या दुमडून उभा. "लेट मी बी व्हेरी क्लिअर," ते म्हणाले, "हे शिफ्टिंग नाहीये. हे एक्स्पान्शन आहे. हडपसर इज होम. घर कुणी सोडतं का?" समोर बसलेले निम्मे लोक आपापली जुनी घरं सोडून कुठं ना कुठं फ्लॅट घेऊन राहिलेले होते, मीही त्यांच्यातच, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. फुकटचा कपकेक खाल्ल्यावर तेवढं करावंच लागतं.

मग आमचे प्लांट हेड बोलले. त्यांना सगळे साहेब म्हणतात. मृदू आवाज, दाढी कायम नुकतीच केलेली, आणि कुणालाही कधीही 'नाही' न म्हणण्याची ख्याती. त्यांनी समजावलं की मांजरीच्या पलीकडे जो नवा प्लांट होतोय, तिथं जुळणी आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम जाईल. जड बिडाचं, ओतीव लोखंडाचं काम, म्हणजे आमचा विभाग, हडपसरलाच राहील. "तुम्ही निश्चिंत राहा," असं ते म्हणाले. पुण्यात 'दोनच मिनिटं' म्हटलं की खुर्ची ओढून घ्यावी, आणि 'निश्चिंत राहा' म्हटलं की चपला कुठं काढल्यात ते बघून ठेवावं. एवढं मला कळायला हवं होतं. पण आमच्या विभागात बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे, नव्या प्लांटला कुणी आम्हाला विचारणार नव्हतं. जड काम हडपसरला राहिलं तर आमच्या नोकऱ्या राहणार, नाही राहिलं तर घरी. माझी नोकरीची आठेक वर्षं शिल्लक होती आणि घरात पगार एकच. अशा वेळी माणूस जे ऐकायचं असतं ते ऐकतो.

आणि जड काम राहणार याची खात्री वाटायला एक कारणही होतं. आमच्याकडे रेडा होता.

रेडा हे मशीनचं नाव. खरं नाव प्लेनर. सूत कातण्याच्या यंत्रावर चात्यांची, म्हणजे सूत पिळणाऱ्या फिरत्या काड्यांची, लांबलचक रांग असते, आणि त्या रांगेखाली बिडाची तुळई. ती तुळई टोकापासून टोकापर्यंत सरळ असावी लागते, नाहीतर वर सूत तुटत राहतं आणि गिरणीवाला आमच्या नावानं खडे फोडतो. ती तुळई सरळ रंधण्याचं काम रेडा करायचा. लांब टेबलावर तुळई बांधायची, टेबल पुढं जायचं, मागं यायचं, पुढं जायचं, मागं यायचं, आणि वरचं हत्यार दर खेपेला एक कीस काढायचं. काळाकभिन्न, संथ, कुणाची पर्वा नसलेला. टेबल ज्या दोन पट्ट्यांवर सरकायचं त्या पट्ट्या हातानं खरवडून सपाट केलेल्या होत्या. खरवडल्याच्या बारीक चंद्रकोरी त्यांवर दिसायच्या, माशाच्या खवल्यांसारख्या. त्या चंद्रकोरींत तेल धरून राहतं आणि तेलावर टेबल तरंगत जातं. रेड्याचा सगळा सरळपणा त्या खवल्यांत होता.

रेडा चालवायचे मामा. मामा म्हणजे कुणी गरीब बिचारा कामगार असं डोळ्यांसमोर आणू नये. मामा मांजरीचे जमीनदार शेतकरी. भावाभावांनी मिळून उसाचं रान विकलं, ते आमच्याच कंपनीला, आणि त्याच रानात नवा प्लांट उभा राहत होता. मामा कामावर यायचे ते पांढऱ्या भल्यामोठ्या गाडीतून. साहेबांची गाडी त्या गाडीशेजारी लावली की साहेबांनाच कसंतरी व्हायचं. गाडीतून उतरून मामा तेलकट एप्रन चढवायचे. मी एकदा विचारलं, "मामा, आता कशाला येता?" तर म्हणाले, "घरी कोण इचारतं ताई? पोरं म्हणतात, आप्पा तुम्ही गप बसा. हितं निदान रेडा ऐकतो माझं."

खंडेनवमीला प्रत्येक विभाग आपापल्या मशीनची पूजा करतो. आमच्या घरी आजोबांच्या पिढीपासून बुद्ध, त्यामुळे मी पूजेच्या वेळी मागे उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची माझी सुट्टी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची असते. मामांना ते ठाऊक. दरवर्षी ते माझ्यापुरतं एक झेंडूचं फूल बाजूला काढून ठेवायचे, कुंकू न लागलेलं, आणि काही न बोलता माझ्या टेबलावर आणून द्यायचे. पूजेतही त्यांचा एक नियम होता. हार, हळद, नारळ सगळं रेड्याच्या अंगावर चालेल, पण पट्ट्यांना कुणी बोट लावायचं नाही. घामानं गंज धरतो. एका वर्षी नव्या सुपरवायझरनं भक्तिभावानं पट्टीवर स्वस्तिक काढलं, तर मामांनी त्याला सगळ्यांदेखत स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं ते पुसायला लावलं. सुपरवायझरला धोतर नव्हतं, म्हणून मामांच्याच.

आता अशा मशीनला नव्या प्लांटच्या लॉबीत शोभेला उभं करावं, ही कल्पना कुणाला सुचेल? जिला सुचली ती एक पंचविशीतली डिझाइन कन्सल्टंट होती, काळे कपडे, पांढरे बूट. नव्या प्लांटला म्हणे 'स्टोरी' हवी होती. गोष्ट शोधत ती हडपसरला आली, रेड्यापाशी थांबली, त्याला हात लावला, हात काळा झाला, आणि मग तिनं त्या काळ्या हाताचा फोटो काढला. "ओ माय गॉड, मॅम, हे किती रॉ आहे! हा लॉबीत पाहिजेच!" रेड्याकडून वेद वदवून घ्यायची आपल्याकडे जुनी खोडच आहे, पण निदान त्या वेळी रेडा भर रस्त्यात होता, त्याला काचेच्या खोलीत नेऊन ठेवायची गरज पडली नव्हती.

कंपनीनं तोवर एक संक्रमण समिती नेमली होती. मी तिच्यात होते. समितीत माणसं अशी निवडतात की नंतर कुणी म्हणू नये, आम्हाला विचारलं नाही. दसरा होऊन गेल्यावरच्या बैठकीत तिथं मी हात वर केला.

"साहेब, हे चालू मशीन आहे. यावर रोज काम निघतंय."

"मॅडम, आपला मुद्दा अगदी योग्य आहे," साहेब म्हणाले.

"मग नेताय कसं?"

"नवं संगणकावर चालणारं मशीन हडपसरलाच येतंय. त्याचा पाया खणायचा तर जुनं हलवायलाच हवं, नाही का? जागा तीच लागणार."

"ते येऊ द्या, मग हे हलवा."

"अगदी बरोबर. मुद्दा नोंदवून घेतो."

नोंदवून घेतलेला मुद्दा म्हणजे पाहुण्यांनी आणलेली मिठाई. डबा उघडतही नाहीत, पुढच्या घरी देतात. मला तर हसूच येत होतं. नवं मशीन अजून कुठल्या देशात आहे याचा पत्ता नाही, आणि हे चालतं मशीन उपटून काढणार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! माझी खात्री पटली की आमचे वरचे लोक शुद्ध मूर्ख आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या खात्रीनं मला बरं वाटलं. मूर्ख माणसांचा राग येतो, पण भीती वाटत नाही. शिवाय चार दिवसांत काम अडलं की हात जोडून रेडा परत आणतील, याचीही मला खात्री होती.

त्याच सुमारास दोन माणसं कंपाउंडमध्ये तिपाईवर दुर्बीण लावून काहीतरी मोजत हिंडत होती. विचारलं तर ड्रेनेजचं काम असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, कौतुक आहे, ज्या कंपनीला पावसाळ्यात संडासाचं पाणी अडवता येत नाही ती आता दुर्बिणीतून गटार बघतेय. विभाग पोट धरून हसला.

दिवाळीनंतर रेडा हलवला. क्रेन आली, कंपाउंडची भिंत थोडी पाडावी लागली, टॉवरच्या गॅलऱ्यांतून लोकांनी व्हिडिओ काढले. मामा त्या दिवशी एप्रनमध्ये नव्हते. परीटघडीचा शर्ट, टोपी, आणि क्रेनवाल्याला हातवारे करून सूचना. मला वाटलं होतं ते दुःखी असतील. छे! लेकीच्या वरातीत बाप मिरवतो तसे मिरवत होते.

"ताई, रेडा आमच्या रानात चाललाय बघा."

"मामा, तिथं तो चालणार नाही. नुसता उभा राहणार."

"उभा ऱ्हायला म्हणून काय झालं? किती वरसं पुढं-मागं करत होता. आता बसू द्या की त्याला."

मी म्हटलं, हे पण त्यांच्यातलेच. फोटोत उभं राहायला मिळालं की माणसाला दुसरं काही लागत नाही.

रेडा गेला आणि शेडमध्ये नुसता खड्डा उरला. त्यावर लोखंडी पत्रे टाकले. नवं मशीन आलं नाही. पायाही कुणी खणला नाही. सांगलीकडच्या एका सूतगिरणीची ऑर्डर होती, जुन्या गिऱ्हाइकाची. तिच्या तुळया रंधायच्या राहिल्या होत्या. त्या मी भिंतीकडेला लावून ठेवल्या, आणि रोज साहेबांना विचारत होते, आणि साहेब रोज "बघतोच आहे" म्हणत होते. विभागातल्या माणसांना काम उरलं नाही. माणसं पत्र्यांवर बसून चहा प्यायची, एकमेकांची रक्तातली साखर विचारायची आणि मालकांना नावं ठेवायची.

नावं ठेवण्यात माझा हात कुणी धरत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी कन्सल्टंटची नक्कल करायचे. स्टीलच्या डब्याला हात लावायचा, बोट बघायचं, आणि किंचाळायचं: "ओ माय गॉड, ही बटाट्याची भाजी किती रॉ आहे!" मग धाकट्या मालकांची, बाह्या दुमडून: "लेट मी बी व्हेरी क्लिअर, मला काहीच क्लिअर नाहीये." मग साहेबांची, डोळे मिटून, मुद्दा नोंदवून घेताना. दुसऱ्या विभागांतली माणसं डबे घेऊन आमच्या टेबलापाशी यायची. "मॅडम, ते रेड्याचं करा ना." एकदा नक्कल चालू असताना खुद्द साहेब कॅन्टीनच्या दारात येऊन उभे राहिले. मी थांबले नाही. तेही थांबून शेवटपर्यंत ऐकत राहिले, हसले, आणि "छान करता मॅडम" म्हणून गेले. मी म्हटलं, चला, माणूस मूर्ख असला तरी खिलाडू आहे.

उद्घाटनाला कंपनीनं बसेस केल्या. हडपसरहून निघालो ते शेवाळवाडीचा बाजार, मग उसाची रानं, मधूनच अर्धवट बांधलेली गृहसंकुलं, ज्यांच्या पाट्यांवर हिरवळ आणि परदेशी मुलं. नवा प्लांट लांबूनच चमकत होता. त्याला प्लांट म्हणायचं नाही अशी सूचना होती, कॅम्पस म्हणायचं. दारात मोगऱ्याचा गजरा आणि खोबऱ्याची वडी देऊन आमचं स्वागत केलं, आमच्याच कंपनीत.

लॉबी दोन मजले उंच, सगळी काचेची. मधोमध रेडा. वरून दिवे सोडलेले. अंग गडद निळ्या रंगात रंगवलेलं, चाकांच्या कडा सोनेरी. मागच्या भिंतीवर इंग्रजीत एकच शब्द, 'लेगसी'. त्याच्याशेजारी मामा कोटात उभे, छातीवर बिल्ला. मी जवळ गेले. पट्ट्या आरशासारख्या झगझगत होत्या. मी वाकून बघितलं. एकही चंद्रकोर उरली नव्हती. एवढ्या वर्षांची, कुणीतरी हातानं, एकेक खवला काढून केलेली ती सपाटी कुणीतरी बफिंग मशीन लावून घासून टाकली होती. आता तो रेडा परत हडपसरला नेला काय आणि चंद्रभागेत सोडला काय, सारखंच. सरळ तुळई त्यातून निघणार नव्हती.

मला रडू आलं. मला रडू आलं की मी चिडते. कन्सल्टंट तिथंच होती.

"या पट्ट्यांवरच्या खुणा कुठं गेल्या?"

"ते स्क्रॅचेस? मॅम, डोंट आस्क! बफिंगला दोन दिवस लागले. पण आता बघा ना, त्यात फेस दिसतो."

मी माझा फेस बघितला. चांगला दिसत नव्हता. मी मनात म्हटलं, आता झालं. आता यांच्या मूर्खपणाचा घडा भरला. रेडा मेला, नवं मशीन आलेलं नाही, तुळया पडून आहेत; आता गिऱ्हाईक येईल आणि सगळ्यांदेखत यांची अब्रू जाईल. त्या गोष्टीची मी अगदी भुकेल्यासारखी वाट बघत होते.

आणि गिऱ्हाईक आलंच. सांगलीकडच्या त्याच सूतगिरणीचे चेअरमन, थोराड, पांढरा सदरा, मोठा आवाज. प्रमुख पाहुण्यांत होते. रेड्यासमोर येऊन थांबले, त्याला ओळखलं, आणि साहेबांकडे वळले.

"अहो, हा तर तुमच्या जुन्या शेडातला! ह्याच्यावरच्या तुळया बघून आम्ही ऑर्डरी दिल्या. आता ह्याला हितं आणून उभा केलाय, मग आमच्या तुळया कशावर करताय म्हणायचं?"

मी एक पाऊल पुढं सरकले. साहेबांचं तोंड कसं पडतं ते मला जवळून बघायचं होतं.

साहेब हसले. मृदू, नुकत्याच केलेल्या दाढीचं हसू. "तुळया आता कोइमतूरहून तयार येतात. दसऱ्याच्या आधीच करार झालाय. तुमच्या यंत्राच्या तर गेल्याच आठवड्यात उतरल्या इथं. चला, दाखवतो."

चेअरमननी मान डोलावली, म्हणाले, "मग झॅक काम झालं," आणि दोघं आत गेले.

दसऱ्याच्या आधी. म्हणजे मी समितीत हात वर केला तेव्हा, रेडा हलवला तेव्हा, मी रोज त्या तुळयांसाठी जीव काढत होते तेव्हा. नव्या प्लांटची खरेदी वेगळ्याच लोकांकडून होत होती, आमच्यापर्यंत तिचा वासही आला नव्हता. हे सगळं डोक्यात नीट बसायच्या आत मी मामांपाशी गेले होते.

"मामा, पट्ट्या घासल्या तेव्हा तुम्ही इथं होतात?"

"व्हतो की."

"आणि नुसतं बघत राहिलात?"

"बघत कशाला? निम्म्या मीच घासल्या. त्या पोराला ते मशीन धरता यीना." त्यांनी कोटाची बाही सारखी केली. "चालवायचाच नाय तर खुणा ठिवून काय करायचं ताई? म्हणलं, चकाकू दे."

"पण हडपसरला नवं मशीन येईपर्यंत..."

मामांनी माझ्याकडे बघितलं. आजारी माणसाला बघायला गेल्यावर बघतात तसं.

"कुठलं नवं मशीन? हडपसरची जागा टावरवाल्याला दिलीय. ती मोजणी गटारीची नव्हती. आमचा जमिनीचा येव्हार झाला तवाच सायेब आमच्या वट्यावर बसून सांगून गेले. म्हणले, मामा, जुनं बंद व्हणार हाय. रेडा तुमच्या रानात आणून ठिवतो, डिझाइनवाल्यांना मीच दावतो, तुम्ही त्याच्यापाशी ऱ्हावा, पावण्यांना म्हायती सांगा. फकस्त कुणाला बोलू नका. नाय बोललो मी."

"मलाही नाही?"

"तुम्हाला कसं सांगायचं? तुम्ही कॅन्टीनमधी नक्कल केली असती."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आपण रास्त तेच केलं असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात शाळेच्या मुलांचा एक घोळका आला आणि मामा त्यांना रेड्याचं वजन सांगायला लागले.

मी काचेच्या भिंतीपाशी उभी राहिले. बाहेर ऊस होता. मला स्वतःची इतकी चीड आली की हातातला गजरा मी चुरगाळून टाकला. इतके महिने मी ज्यांना मूर्ख म्हणत होते त्यांच्यात एकही मूर्ख नव्हता. कन्सल्टंटला स्टोरी मिळाली, धाकट्या मालकांना जागेचा भाव मिळाला, मामांना कोट मिळाला. आणि साहेबांना काय मिळालं, तर मी मिळाले. विभागातली माणसं 'आपलं काय होणार' असं विचारायला लागली असती, युनियनकडे गेली असती, वकील गाठला असता. त्याऐवजी ती माझ्या टेबलाभोवती बसून हसत होती. मालक मूर्ख आहेत, काम अडलं की झक मारत परत येतील, हे मी त्यांना रोज जेवणाबरोबर वाढत होते. साहेब दारात उभे राहून हसले ते उगीच नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही माझं कौतुक केलं असतं.

परतीची बस दुपारी निघाली. पत्र्यांवर बसून चहा पिणारी आमची सगळी माणसं तिच्यात होती, पोटभर जेवलेली, खुशीत. रेड्याच्या पट्ट्या घासून टाकल्याची बातमी आधीच पसरली होती, आणि ती सांगून सांगून लोक हसत होते. "फेस दिसतो म्हणे!" माझ्या शेजारचा तो फिटर, कपकेक खाणारा, माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, हे लोक काय कारखाना चालवणार! यांना तर धड बंदसुद्धा करता येणार नाही." सगळी बस हसली. "मॅडम, करा ना," मागून कुणीतरी म्हणालं, "आजची करून दाखवा."

मी उठले. वरचा दांडा धरला आणि सांगितलं की हडपसरचा प्लांट बंद होतोय, जागा विकली आहे, तुळया कोइमतूरहून येतात, आणि नवं मशीन कधीच येणार नव्हतं.

बस आणखी जोरात हसली. फिटरनं तर मांडीवर थाप मारली. "साहेबांचा आवाज काढा ना मॅडम," तो म्हणाला, "साहेबांच्या आवाजात सांगा."

मी पुन्हा सांगितलं. एक-दोघं हसायचे थांबले, बाकीचे पुढच्या वाक्याची वाट बघत माझ्याकडे बघत राहिले. मला तिसऱ्यांदा सांगायचं होतं, पण न टोचता, न वाकडं बोलता, सरळ सांगायचं कसं ते मला सुचेना. मी दांडा धरून तशीच उभी होते आणि माझी माणसं हसऱ्या तोंडानं वाट बघत होती.